गाडीचें कुलूप आणि गड्याची अब्रू

“बैल गेला आणि झोपा केला” ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच केलेली नाहीं. गोठ्याच्या तोंडाशीं लावावयाचें काट्याकुडांचें दार वेळेवर न लावतां, बैल चोरीस गेल्यावर तें लावावयास धांवणाऱ्या शेतकऱ्यास उद्देशून ती आहे. बैल हेंच ज्या काळीं शेतकऱ्याचें मोठें धन होतें, त्या काळीं रात्रीं एकदां तरी उठून दावणीवर नजर टाकण्याचा परिपाठ घरोघर होता. आज पुष्कळ बागायतदारांच्या दारीं बैलजोडीच्या शेजारीं, किंवा तिच्या जागीं, चारही चाकांस एंजिनाचा जोर पोंचविणारी जीपगाडी उभी असते. तिची किंमत अनेक बैलजोड्यांइतकी असते. परंतु दावणीवर जी नजर होती ती मात्र गाडीवर नाहीं. किल्ली गाडींतच लोंबत असते, नाहीं तर गोठ्यांतील खुंटीवर असते. हें लिहिणारा स्वतः या दोषापासून अलिप्त होता असें नाहीं. किंबहुना त्या दोषाचें फळ भोगल्यामुळेंच हे चार शब्द लिहिण्याचें मनांत आलें.

प्रथम अशी गाडी चोरास विशेष प्रिय कां, हें पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत विलिस व फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत महिंद्र मंडळीनें त्यांची जोडणी सुरू केली, आणि तेव्हांपासून तिच्या अनेक पिढ्या आपल्या शिवारांत वावरत आल्या. काळ्या जमिनींतील पाणंद पावसाळ्यांत जेव्हां गुडघाभर चिखलाची होते, तेव्हां वस्तीवरचें दूध, आजारी माणूस व खतांचीं पोतीं हीच गाडी बाहेर काढते. परंतु जो गुण मालकाच्या उपयोगी तोच चोराच्याही उपयोगी. साध्या मोटारीच्या चोरास सडक धरल्यावांचून गत्यंतर नसतें. वाटेंत नाका लागतो, दिवे लागतात, चार लोक पाहतात. जीपचा चोर ओढ्यांतून, माळावरून व बांधावरून नाका चुकवून दुसऱ्या तालुक्यांत उतरतो. शिवाय जुन्या जीपांचे पुष्कळ भाग एका गाडीचे दुसरीस बसतात. त्यामुळें गाडी आख्खी विकली न गेली तरी तुकड्यांनीं खपते.

आतां माझ्या वस्तीवर काय घडलें तें सांगतों. नीरा डाव्या कालव्याच्या खालीं आमचा मळा आहे. २०२१ सालच्या पावसाळ्यांत एका सकाळीं उठून पाहतों तों जीप जागेवर नाहीं. गोठ्याच्या खुंटीवरची किल्लीही नाहीं. ती खुंटी घरच्या सर्वांस व कामावरच्या सर्वांस ठाऊक होती. आदल्या दिवशीं संध्याकाळीं गाडी फिरवून आणणारा आमचा सालगडी, वय वर्षें चोवीस, तिच्यावर किल्ली अडकवून जेवावयास गेला होता. चौकशी सुरू झाल्यावर पहिला प्रश्न आला, “किल्लीची जागा कोणास माहीत होती ?” आणि दुसरा आला, “शेवटीं गाडी कोणीं चालविली ?” दोन्हीं प्रश्नांचें उत्तर त्याच्याकडेच बोट दाखवीत होतें. मीं त्याचें नांव घेतलें नाहीं, हें खरें. पण “तो असें करणार नाहीं,” हेंही जितक्या ठामपणानें बोलावयास हवें होतें तितक्या ठामपणानें बोललों नाहीं. तीन दिवस त्यास बोलावून बसवून ठेवण्यांत आलें. चौथ्या दिवशीं त्यानें बायकोमुलांसह वस्ती सोडली. आमच्या घरीं तो सहा वर्षें होता.

चार महिन्यांनीं दुसऱ्या जिल्ह्यांत एक टोळी पकडली गेली, तींत आमची जीप सांपडली. नंबराची पाटी बदललेली, चेसिसवरील आंकडे कानशीनें घासलेले. पण एंजिनावरचा क्रमांक तसाच राहिला होता, त्यावरून ओळख पटली. खुंटी कोणीं पाहिली होती तेंही कळलें. चोरीच्या आधीं आठ दिवस कांदा भरावयास आलेल्या मालमोटारीबरोबर एक अनोळखी मनुष्य होता. गोठ्याच्या उघड्या दारांतून त्यास किल्ली दिसली होती. न्यायालयाच्या हुकुमानें गाडी माझ्या ताब्यांत आली. गडी मात्र परत आला नाहीं. मी त्याच्या गांवीं जाऊन त्याची क्षमा मागितली. त्यानें चहा दिला, पाहुणचार केला, आणि एवढेंच म्हणाला, “मालक, गाडीला कुलूप असतें तर माझं नांव निघालं नसतं.”

वाचकहो, या एका वाक्यांतच माझें सर्व म्हणणें आहे. गाडीस कुलूप लावावें तें केवळ आपल्या मालाच्या रक्षणासाठीं, अशी आपली समजूत असते. आणि म्हणूनच “गेली तर माझी जाईल, दुसऱ्याचें काय गेलें,” असें म्हणून आपण आळस करतों. ही समजूत चुकीची आहे. उघडी ठेवलेली मौल्यवान वस्तु आपल्या भोंवतीं वावरणाऱ्या प्रत्येक गरीब माणसास संशयाच्या छायेंत उभें करते. चोरी झाल्यावर मालकाचें नुकसान पैशाचें होतें. पण गड्याचें, शेजाऱ्याचें व वाटसरूचें नुकसान अब्रूचें होतें, आणि अब्रूचा विमा कोठेंही उतरतां येत नाहीं. चोर सोडून संन्याशाला फांशी, अशी जी आपली म्हण आहे, तिचा दोर पुष्कळदां मालकाच्या निष्काळजीपणानेंच वळलेला असतो.

संशयाचा हा दोर कोठपर्यंत पोंचतो याचीं उदाहरणें आपल्याच राज्यांत आहेत. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारे समजून पांच भटक्या निरपराध माणसांस जमावानें ठार मारलें. १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें चोरांच्या अफवेनें पिसाळलेल्या जमावानें दोन साधू व त्यांचा गाडीवान यांचा जीव घेतला. ज्या गांवांत संशयाची हवा पसरते त्या गांवांत विचार थांबतो. म्हणून चोरीस वाव न देणें हें शेजारधर्माचेंच एक अंग आहे असें मी समजतों.

कुलपाविरुद्ध तीन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. पहिला, “चोर कुलपास भीत नाहीं.” हें खरें आहे, परंतु चोर वेळेस भितो. कोणतेंही कुलूप अभेद्य नसतें, तें फक्त वेळ खातें. एका क्षणांत निघणारी गाडी व अर्धा तास खटपट करावयास लावणारी गाडी यांत चोर पहिलीच निवडील. म्हणून एकच भारी कुलूप लावण्यापेक्षां निरनिराळ्या जातीचे तीन-चार साधे अडथळे करणें अधिक हिताचें. कारण प्रत्येकास निराळें हत्यार व निराळें ज्ञान लागतें. दुसरा आक्षेप, “शेतीच्या घाईंत किल्ली कोण शोधीत बसेल ?” लढाईंतल्या जीपांची हीच तऱ्हा होती, त्यांच्या पुढील नमुन्यांत किल्ली न ठेवतां नुसता खटका ठेवलेला होता, हातांत आली कीं चालू. लढाईंत जी सोय, ती शेतावर गैरसोय आहे. आणि लढाईच्या काळींही सर्वांनीं असा मोकळेपणा ठेवला नव्हता. १९४० सालीं जर्मनांची स्वारी येणार या भीतीनें इंग्लंडांत, उभी केलेली मोटार शत्रूच्या उपयोगीं पडणार नाहीं अशी करून ठेवणें लोकांवर बंधनकारक करण्यांत आलें होतें. मालक डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर काढून खिशांत घालून जात. राष्ट्रावर संकट असतां जें लाखो लोकांस साधलें, तें आपल्यास रोजच्या व्यवहारांत अशक्य नाहीं. तिसरा आक्षेप, “आमच्या गांवांत असें होत नाहीं.” माझ्याही गांवांत होत नव्हतें.

आतां उपायांकडे वळूं. येथें गाडीची जात ओळखून वागावें लागतें. जुनी पेट्रोल जीप असेल तर वर सांगितलेला रोटर काढून ठेवणें हा बिनखर्ची उपाय आजही चालतो. ठिणगी वाटून देणारा तो लहानसा तुकडा नसेल तर एंजिन पेट घेत नाहीं. जुन्या डिझेल एंजिनाची गोष्ट निराळी. त्यास ठिणगी लागत नाहीं. किल्लीचा खटका तोडून बॅटरीची तार थेट स्टार्टरला लावली कीं तें चालू होतें, आणि उतार असेल तर ढकलूनही चालू होतें. म्हणून अशा गाडीस बॅटरी तोडण्याचा खटका एकटा पुरेसा नाहीं. तिचें डिझेल अडविलें पाहिजे. टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या नळींत लपविलेली एक तोटी बसवून रात्रीं ती बंद करावी. चोर गाडी चालू करील, पण नळींत उरलेल्या डिझेलवर थोडें अंतर गेल्यावर ती बंद पडेल, आणि पुन्हां चालविण्यास नळींतील हवा काढावी लागेल. भर अंधारांत, परक्या शिवारांत, तितका धीर फार थोड्यांस असतो. ही तोटी मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच बसवून घ्यावी. गळकी तोटी चोराहून वाईट.

चार चाकांच्या जोराचा उपयोग राखणीसाठींही होतो, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. चोर कधींकधीं एंजिन चालू करण्याच्या भानगडींतच पडत नाहीं. गाडीचें एक तोंड उचलून दुसऱ्या वाहनामागें ओढून नेतो. गिअरची गाडी असेल तर रात्रीं ट्रान्सफरचा दांडा चारही चाकांच्या ‘लो’ वर, मुख्य गिअर पहिल्यावर, आणि पुढील चाकांस हातानें फिरवावयाचे हब असतील तर ते ‘लॉक’ वर ठेवावे. मग चारही चाकें एंजिनाशीं जखडलीं जातात व कोणतेंही एक टोंक उचललें तरी दुसऱ्या टोंकाचीं चाकें फरफटतात. सकाळीं टणक सडकेवर जाण्यापूर्वीं दांडा परत दोन चाकांवर आणावयास विसरूं नये, नाहीं तर गिअरांवर व आंसांवर नसता ताण पडतो. कांहीं जण चोरास चकविण्यासाठीं ट्रान्सफर ‘न्यूट्रल’ वर ठेवतात, म्हणजे एंजिन चाललें तरी गाडी हलत नाहीं. ही युक्ति मी कोणास सांगणार नाहीं. त्या स्थितींत गिअर गाडीस धरून ठेवीत नाहीं. हँडब्रेक सैल असला तर ती आपोआप घरंगळते, आणि अंगणांत खेळणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतते. गाडी वांचविण्यासाठीं मूल धोक्यांत घालणें हें शहाणपण नव्हे.

जुन्या जीपेचें बॉनेट बाहेरच्या खिट्यांनीं बंद होतें. तें कोणासही उघडतां येतें. दोन्हीं खिट्यांस लहान कुलुपें लावलीं कीं बॅटरी व तारा सुरक्षित झाल्या. कापडी टप असेल तर दाराच्या कुलपाचा उपयोग नाहीं, कापड चाकूनें फाटतें. तेथें स्टिअरिंगचें चाक व क्लचचें पायडल एकत्र जखडणारी जाड कडी अधिक कामाची. मागें टांगलेल्या जादा चाकास निराळ्या पान्याची एक तरी चाकी बसवावी. जेथें गाडी उभी राहते तेथें, ओसरीवरून दिसेल अशी, प्रकाशाची सोय असावी. आणि तिच्या तोंडासमोर रात्रीं ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावावी. हा शेवटचा उपाय फुकटचा आहे, आणि ट्रॉली हलविण्याचा आवाज कुत्र्यांस जागें करतो.

नव्या गाड्यांविषयीं थोडें निराळें सांगितलें पाहिजे. त्यांच्या किल्लींत विजेची खूण असते; ती न ओळखल्यास एंजिन चालत नाहीं. युरोपीय संघानें १९९८ पासून व ऑस्ट्रेलियानें २००१ पासून नव्या मोटारींस अशी योजना सक्तीची केली. तिच्यामुळें तारा जोडून गाडी पळविण्याची जुनी विद्या निकामी झाली. पण चोरही नवी विद्या शिकले. जी गाडी किल्ली खिशांत असतांच उघडते, तिच्या किल्लीची लहर यंत्रानें वाढवून घरांतल्या किल्लीच्या बळावर अंगणांतली गाडी उघडतां येते. अशी किल्ली रात्रीं घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावी, व डबा बंद असतां गाडी उघडत नाहीं याची खात्री स्वतः करून घ्यावी. २०२२ सालीं लंडनमध्यें तर चोरांनीं पुढच्या दिव्यामागील तारांतून गाडीच्या अंतर्गत संदेशवाहिनींत खोटा हुकूम घालून गाडी नेली. आणि ती गाडी मोटारींच्या संगणकीय सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या एका तज्ज्ञाचीच होती. तात्पर्य, नव्या गाडीच्या मालकानेंही स्टिअरिंगची लोखंडी कडी हास्यास्पद मानूं नये. विजेच्या विद्येस लोखंड कापतां येत नाहीं.

आपल्या मुलुखांत पूर्वीं जागल्या चोराचा माग काढी. पावलांचे ठसे शिवेपर्यंत नेऊन तो माग पुढच्या गांवाच्या हवालीं करी, व ज्या गांवाच्या शिवेंत माग संपे त्या गांवावर जबाबदारी येई. आजचा माग उपग्रहाच्या साह्यानें निघतो. गाडींत लपविलेलें तें लहान यंत्र मोबाइलवरून गाडीचें ठिकाण कळवितें. त्याचा मोठा उपयोग आहे, परंतु त्याच्या मर्यादा ओळखाव्या. गाडीची बॅटरी तोडतांच जें बंद पडतें तें यंत्र घेऊं नये. स्वतःची बॅटरी असलेलें घ्यावें. डोंगरांत जेथें मोबाइलची लहर पोंचत नाहीं तेथें तें मुकें होतें. आणि सर्वांत महत्त्वाचें, तें कोठें बसविलें आहे हें मिस्त्री व मालक यांवांचून तिसऱ्यास ठाऊक नसावें.

किल्लीच्या बाबतींत आमच्या वस्तीवर आतां एक नियम आहे. किल्ल्या दोन, एक घरांतील पेटींत, दुसरी दिवसां चालविणाऱ्याच्या खिशांत व रात्रीं माझ्या उशाशीं. दाराशीं एक वही असते. किल्ली घेणारा वेळ लिहून सही करतो. परत घेतांना मी सही करतों. प्रथम गड्यांस वाटलें कीं मालकाचा विश्वास उडाला. मीं त्यांस सांगितलें कीं, ही वही तुमच्याविरुद्ध नाहीं, तुमच्या बाजूनें साक्ष देण्यासाठीं आहे. रात्रीं आठ वाजतां किल्ली माझ्या हातीं आली असें माझ्याच सहीनें लिहिलें असल्यावर, पहाटे गाडी गेली तर पहिला प्रश्न मला विचारला जाईल. आणि तो मलाच विचारला गेला पाहिजे. मुलगा गाडी घेऊन गेला तरी त्याची सही सुटत नाहीं. नियम घरच्यांस लागू नसेल तर तो नियम नव्हे, तो अपमान आहे.

कागदपत्रांची काळजी ही राखणीचीच बाजू आहे. मूळ कागद गाडींत ठेवूं नयेत. डिजिलॉकरमधील नोंदणीपत्र व परवाना दाखविण्यास चालतात, अशी सूचना केंद्र सरकारनें २०१८ सालींच दिलेली आहे. चेसिस क्रमांकावर पातळ कागद धरून पेन्सिल घासावी व तो ठसा घरीं जपून ठेवावा. आंकडे, त्यांचें वळण व अंतर त्यांत जसेंच्या तसें उतरतें, आणि पुढें कोणी आंकडे बदलले तर ताडून पाहण्यास तो उपयोगी पडतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांस एकदांच बसणाऱ्या खिळ्यांची सुरक्षित नंबरपाटी असते. तिचे खिळे तुटलेले दिसले तर तेव्हांच चौकशी करावी. विम्याविषयीं आपल्यांत मोठें अज्ञान आहे. कायद्यानें सक्तीचा असलेला विमा केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा असतो. चोरी त्यांत येत नाहीं. मजजवळ तेवढाच होता, म्हणून ते चार महिने मला एक पैही मिळण्याची आशा नव्हती. चोरीची भरपाई हवी असेल तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमाही पाहिजे, आणि भरपाई गाडीच्या घोषित मूल्यापुरती मिळते. तें मूल्य वर्षागणिक घटतें. दावा करतांना विमा मंडळ्या दोन्हीं किल्ल्या मागतात. किल्ली गाडींतच राहिली असेल तर दावा नाकारण्यास त्यांना निमित्त मिळतें. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशाच एका मालवाहू गाडीच्या प्रकरणांत मालकास ७५ टक्के रक्कम देवविली, हें खरें. परंतु न्यायालयाच्या पायऱ्या चढून मिळणाऱ्या पाऊण रुपयापेक्षां खिशांतली किल्ली स्वस्त पडते.

चोरी झालीच तर क्षणाचा विलंब न करतां ११२ या क्रमांकावर कळवावें व फिर्याद नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणें हद्दीचा प्रश्न न काढतां कोणत्याही ठाण्यावर फिर्याद घेतली जाते. ती मोबाइलवरून पाठविली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. माल किंवा उतारू वाहणाऱ्या वाहनाच्या चोरीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ अन्वयें सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फिर्याद देतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जें पाहिलें तें सांगावें. जें वाटतें तें नांव घेऊन सांगूं नये. आणि निरपराध माणसाविषयीं खात्री असेल तर ती तितक्याच स्पष्टपणें लिहून द्यावी. तेथें मी चुकलों.

आतां थोडें कटु बोलतों. चोरीची गाडी कोणी तरी विकत घेतो म्हणूनच चोरी होते. आणि जुनी जीप विकत घेणारा पुष्कळदां आपल्यांतलाच असतो. “गाडी झकास आहे, किंमत निम्मी आहे, कागद मागाहून देतों,” हें ऐकून ज्याच्या तोंडास पाणी सुटतें, तो दुसऱ्या एखाद्या वस्तीवरच्या गड्याची अब्रू विकत घेत असतो. शेतावरच फिरवावयाची आहे, सडकेवर कोण विचारतो, ही सबब चालत नाहीं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा कलम ३१७ खालीं स्वतंत्र गुन्हा आहे. जुनी गाडी घेतांना नोंदणीपत्रावरील चेसिस व एंजिन क्रमांक स्वतः गाडीवर ताडून पाहावे; राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या व्यवस्थेंत ती गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाहीं ना, हें विचारावें; आणि हस्तांतराचे अर्ज सह्या होऊन हातीं येईपर्यंत पैसा देऊं नये. सह्या न करणारा विकणारा व घाई करणारा घेणारा, या दोघांच्या मधल्या फटींतूनच चोर निसटतो.

शेवटीं आपल्या सोसायट्यांनीं काय करावें याविषयीं माझी अल्पशी सूचना आहे. वार्षिक सभेच्या दिवशीं सभासद आपापल्या गाड्या घेऊन येतातच. त्या दिवशीं एक मिस्त्री बोलावून सर्व जीपा, ट्रॅक्टर व ट्रॉल्या यांच्या क्रमांकांचे पेन्सिलीचे ठसे घ्यावे व कार्यालयांत एका वहींत चिकटवून ठेवावे; खर्च कागदाचा व चहाचा. प्रत्येक पाणंद जेथें सडकेस मिळते तेथें सामायिक वर्गणीनें एक दिवा व शक्य तर एक कॅमेरा लावावा. शेजारच्या तीन-चार गांवांशीं टेलिफोनची साखळी ठरवावी, म्हणजे जुना माग शिवेवर न थांबतां पुढें जाईल. मात्र एक अट सभेंतच ठरावानें घालावी कीं, संशयितास कोणीही हात लावणार नाहीं. अडवावें, पोलिसांस कळवावें, वाट पाहावी.

आमच्या गोठ्यांतली ती खुंटी मीं उपटून टाकलेली नाहीं. तिच्यावर आतां कांहींच टांगीत नाहीं. नवीन गडी कामावर आला कीं त्यास ती दाखवितों, व तिची हकीकत सांगून मग वहींत पहिली सही करावयास देतों. वाचकांपैकीं ज्यांच्या गोठ्यांत अशी खुंटी असेल त्यांनीं आज दिवे लागण्यापूर्वीं ती रिकामी करावी, इतकीच विनंती आहे.